नगराध्यक्षांचा सदरा

लाँड्रीवाल्या मावशी रोज सकाळी नळाचं पहिलं पाणी पांढऱ्या मगात धरून बघायच्या. गंजलेल्या पाइपांतून ते पिवळंच यायचं. धुतलेले कपडे मळकट दिसायचे, गिऱ्हाइकं तुटायला लागली होती. पाइपांना पैसे नाहीत म्हणणाऱ्या नगरपालिकेने मात्र चौकात कारंजं बांधायला काढलं. मावशी तडक सभेत गेल्या आणि नगराध्यक्षांपुढे त्यांचाच सदरा पसरला.

“साहेब, तीनदा धुतलाय. तुमचं कारंजंही ह्याच रंगाचं उडणार!”

सभा खो-खो हसली, साहेब ओशाळले. कारंजं बारगळलं, पाइप बदलले.

मावशी दहा वर्षांनी वारल्या. आदल्या संध्याकाळी सुनेला म्हणाल्या, “उद्या गटारांचं सांगायला जायचंय गं. चपलेचा पट्टा तेवढा शिवून आण.”