राजारामभाऊ गाडीत बसले नाहीत

बसमध्ये चढलं की बाकीचे सगळे बसल्याशिवाय राजारामभाऊ मेश्राम बसायचे नाहीत. उभी हयात वर्धा डेपोत कंडक्टरकी केलेली. निवृत्त होऊन अमेरिकेत पार्सिपनीला मुलीकडे राहायला आले, तरी सवय काही सुटली नाही. म्हातारं माणूस टेकलं का, पोरंबाळं धरून उभी आहेत का, हे वळून बघायचं आणि मग दांड्यावर बोटानं दोनदा टकटक करायची. डबल बेल! सोड गाडी! इथल्या लोकांना वाटायचं, म्हातारा जरा सटकलेला दिसतोय. पण ड्रायव्हर लुईसला महिन्याभरात उमगलं. तो डोमिनिकन, बोलका माणूस. पुढे पुढे तो टकटक ऐकल्याशिवाय गाडी हलवेनासा झाला. रिकाम्या बसमध्येसुद्धा वाट बघायचा आणि आरशातून हसायचा.

ही बस म्हणजे राजारामभाऊंचा दिवस होता. त्यांची बायको कांताबाई अर्धांगवायूनं नर्सिंग होममध्ये पडून होती. दुखण्याआधी तिला कामापुरतं इंग्रजी जमायला लागलं होतं, ते सगळं पुसलं गेलं. राहिली ती मराठी, तीही अशी अडखळती की राजारामभाऊंशिवाय कुणाला लागायची नाही. पाणी पाहिजे, कूस बदला, पाय दुखतो, हे सगळं त्यांनी ऐकायचं आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत नर्सला सांगायचं. ते गेले नाहीत तर कांताबाई त्या इमारतीत मुकीच. मुलगी उपासना नेवार्कला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. तिनं लग्न केलं नव्हतं आणि घरात तो विषय बंद होता. तिच्या कामाच्या पाळ्या वेड्यावाकड्या, म्हणून रोजची वारी राजारामभाऊंचीच.

कांताबाईच्या उशाशी बाबासाहेबांचा फोटो होता. एका नर्सनं विचारलं होतं, हे तुमचे वडील का? राजारामभाऊ म्हणाले, "येस." त्यात त्यांना काही खोटं वाटलं नाही.

नाताळ आठवड्यावर आला आणि बसवाल्यांनी संप पुकारला. आधीच सुट्ट्यांत गाड्या निम्म्या होतात, त्यात हा संप. बस चालवणाऱ्या ठेकेदार कंपनीनं बाहेरून ड्रायव्हर आणून दिवसाला चार-दोन पांढऱ्या व्हॅन सुरू केल्या. राजारामभाऊ मात्र दुसऱ्याच दिवशी थर्मासभर चहा घेऊन डेपोच्या फाटकावर हजर. थंडीत हातात फलक घेऊन माणसं फेऱ्या मारत होती. लुईसनं त्यांना हाताला धरून पुढे नेलं आणि ओरडून सांगितलं, हा माणूस जन्मभर बसवर होता, आपल्यातला आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकानं स्वतःची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घातली.

त्या टाळ्यांनी राजारामभाऊ आतून हलले. या देशात आल्यापासून ते फक्त कुणाचे तरी बाबा होते, कुणाचे तरी काका होते, ग्रोसरीच्या पिशव्या उचलणारे. कामाचा माणूस म्हणून त्यांच्याकडे इथं कुणी पाहिलंच नव्हतं. त्या भरात ते बोलून गेले, "आय नो सिट इन व्हॅन. नेव्हर." पुन्हा टाळ्या.

बोलले ते वरवरचं नव्हतं. निवृत्तीच्या आधी ऐन दिवाळीत एसटीचा संप झाला होता. डेपोतल्या एका ड्रायव्हरनं भीतीपोटी गाडी बाहेर काढली. राजारामभाऊ त्याच्याशी नंतर कधी बोलले नाहीत, त्याच्या हातचा चहा घेतला नाही. ही गोष्ट ते आजही ताठ मानेनं सांगत. संपात फुटलेला माणूस त्यांच्या लेखी मेलेला.

उपासनानं डोक्याला हात लावला. "बाबा, ती व्हॅन नर्सिंग होमच्या दारात थांबते यार. कोणी बघत पण नाही."

"मी बघतो ना."

"पण हा तुमचा स्ट्राइक नाहीये! तुम्ही रिटायर्ड आहात!"

"संप संप असते बेटा. तिकडचा काय अन् इकडचा काय. मी नाही बसत त्याच्यात."

मग तीच कामावर जाताना त्यांना सोडायला लागली आणि परतीची उबेर लॅबमधून बुक करू लागली. असे दिवस ढकलले. चोवीस तारखेला निघताना कांताबाईनं चांगल्या हातानं त्यांची बाही धरली. तिच्या छातीत कफ भरला होता, श्वासाला घरघर लागली होती. "उद्या लवकर या," ती म्हणाली. "मले इथं भेव लागते." राजारामभाऊंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला. "येतो ना. उजाडल्या उजाडल्या येतो," असं सांगून ते निघाले.

नाताळच्या दिवशी उपासनाची पाळी पहाटेपासून होती. एवढ्या पहाटे आईला उठवू देत नाहीत, म्हणून ती बाबांसाठी सकाळची उबेर सांगून गेली. पहाटे बर्फ पडला. राजारामभाऊ कोट-टोपी चढवून तयार बसले होते आणि नर्सिंग होममधून फोन आला. भराभरा इंग्रजीतलं त्यांना दोनच गोष्टी कळल्या. ब्रीदिंग नीट नाही आणि आत्ताच्या आत्ता या. उबेर कॅन्सल झाली. दुसरी मागवली, तीही झाली. उपासनाचा फोन लॅबच्या लॉकरमध्ये वाजत राहिला. खालच्या मजल्यावरचं केदारचं कुटुंब ऑर्लँडोला, समोरचे जोशी भारतात. एरवी "काका, काहीही लागलं तर सांगा हं" म्हणणाऱ्या त्या अख्ख्या कॉम्प्लेक्समध्ये त्या सकाळी दार उघडायला माणूस नव्हता.

ते बस स्टॉपवर जाऊन उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पायांना तेवढाच रस्ता ठाऊक होता.

आणि व्हॅन आली. पांढरी, रिकामी. दार उघडलं आणि आतली ऊब त्यांच्या तोंडावर आली. ड्रायव्हर कोवळा पोरगा होता, त्याचाही नाताळ बुडालेला. "गेट इन, सर. फ्रीझिंग." राजारामभाऊंनी दांडा धरला. एक पाय पायरीवर टाकला. नर्सिंग होम तिथून वीस मिनिटांवर. डोळ्यांपुढे कांताबाई होती, हे खरंच आहे. पण फाटकावरची ती माणसंही होती, टाळ्या होत्या, डोक्यावर त्यांचीच टोपी होती.

त्यांनी पाय खाली घेतला. "नो. स्ट्राइक."

"आर यू शुअर?" पोरगा खरंच काळजीनं म्हणाला.

"गो."

वाचणाऱ्याला संताप येईल. येऊ दे, यायलाच पाहिजे. बायको तिकडे घरघरतेय आणि हा बाबा तत्त्वाला कवटाळून बर्फात उभा! पण जन्मभर ज्या एका गोष्टीवर माणूस मान ताठ ठेवून जगला, ती त्याला एका सकाळी पायरीवर ठेवून द्यायला सांगणं सोपं नसतं. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि चालायला लागले.

फूटपाथ थोड्या अंतरावर संपला. अमेरिकेत तो असाच मध्येच संपतो, इथं पायी चालणारा कुणी धरलेलाच नाही. पुढे हायवेच्या कडेनं, बर्फ हटवणाऱ्या प्लाऊ गाडीनं लोटलेल्या ढिगांतून ते चालले, मध्ये मध्ये धावलेही. दोनदा पडले. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पेट्रोल पंपापाशी दम लागून थांबले आणि मागे वळून पाहिलं. आता व्हॅन आली तर बसेन, असं ते मनात म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "ये ना बाप्पा!" नाताळची पुढची व्हॅन दुपारी होती.

ते पोहोचले तेव्हा कांताबाईच्या खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता.

सकाळच्या पाळीची नर्स बाहेर आली आणि तिनं त्यांचे ओले हात आपल्या हातांत घेतले. वेदना फार नव्हत्या, म्हणाली, जाऊन अर्धाच तास झाला. आम्ही दोघी जवळ होतो. तुमची बायको बोलत होती, शेवटपर्यंत बोलत होती. एकच काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती, आम्हाला कळलं नाही. सॉरी.

"व्हॉट? व्हॉट शी से?"

नर्सनं डोळे मिटून आठवायचा खूप प्रयत्न केला. एक-दोन आवाज काढून पाहिले. राजारामभाऊ कान देऊन ऐकत होते. त्या आवाजांतून त्यांना एकही शब्द सापडला नाही. कांताबाईला तहान लागली होती की दुखत होतं, की त्यांनाच हाक मारत होती, ते आता कधीच कळणार नव्हतं. ते तिच्या पायांशी बसले आणि लहान मुलासारखे रडले.

त्रिशरण-पंचशील म्हणायला मोजकी माणसं जमली. तीन-चार दिवसांनी संप मिटला आणि लुईस घरी आला. सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला. डोळे लाल. बर्फात कसे गेलात, म्हणून विचारू लागला.

 उत्तर उपासनानं दिलं, "बाबा वॉक्ड. व्हॅन आली होती, रिकामी. ते चढले नाहीत. तुम्हा लोकांसाठी." नाताळपासून ती बापाशी धड बोललेली नव्हती. हे मात्र ती स्पष्ट, इंग्रजी-मराठीची सरमिसळ करत बोलली आणि मग तिनं लुईसला पुन्हा नीट इंग्रजीत सांगितलं.

लुईस तिच्याकडे बघत राहिला, मग राजारामभाऊंकडे. हळू आवाजात, थांबत थांबत तो इंग्रजीत बोलला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकून घेतलं.

"काय म्हणते तो?" राजारामभाऊंनी विचारलं.

उपासनाचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "म्हणतोय, बसायचं होतं ना बाबा. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांनी बिनधास्त बसा, असं संपवाल्यांनीच फाटकावर सगळ्यांना सांगितलं होतं. त्याची स्वतःची बायको हॉस्पिटलात सफाईला जाते. ती पूर्ण आठवडा त्याच व्हॅननं गेली."

राजारामभाऊंनी मान हलवली. मग म्हणाले, "परत सांग."

तिनं परत सांगितलं.