मास्तरांचं निळं बटण

मास्तरांचं निळं बटण सोमवारी नाहीसं झालं आणि गुरुवारी परत डब्यात आलं. हरवलेलं सापडलं की माणूस खूश होतो; मास्तरांच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. चोरी समजू शकते, पण चोरून परत आणून ठेवायचं? पाणी कुठंतरी मुरत होतं.

पंचावन्न वर्षं शिलाई केलेले टेलर ते. मशीनच्या उजव्या हाताला दुकानाच्या बटणांची वाटी आणि तिला लागून हा पत्र्याचा डबा. घरच्यांच्या आनंदाच्या कपड्यांचं एकेक बटण त्यात होतं. लेकीच्या पहिल्या कोटाचं लाल. मुलगा शर्यतीत पहिला आला त्या दिवशीच्या सदऱ्याचं. आणि कड उडालेलं निळं, बायकोच्या ब्लाउजचं. बोटीवर ती इतकी हसली होती की ते तुटून थेट मास्तरांच्या चहात पडलं. तिला जाऊन सहा वर्षं झाली, पण दुपारी डब्यात हात घालून बटणं चाचपताना मास्तर अजून एकटेच खुदकन हसायचे.

संशय सुनेवर. दुसरं होतंच कोण? मुलगा सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. सून दुकानात इस्त्री करायची, घड्या घालायची आणि मोजकंच बोलायची. मोजकं बोलणारी माणसं मास्तरांना कधी पटलीच नाहीत.

“बाबा, जुन्या बटणाला कोण विचारतंय?” मुलगा म्हणाला.

“तेच तर! मग ही का नेते?”

पुढच्या आठवड्यात लाल गेलं, आलं. मास्तरांनी सुनेशी बोलणं टाकलं. तिनं दिलेला चहा ते आधी हुंगून बघू लागले. बटणचोर विष कशाला घालेल, पण संशयाला डोकं कुठं असतं! शेवटी त्यांनी लेकीला फोन केला, “मला घेऊन जा. या घरात माझं काही राहायचं नाही.” लेक रविवारी येणार होती.

शनिवारी दुपारी त्यांनी खुर्चीतच झोपेचं सोंग घेतलं. सून आली. तिनं ब्लेड उचललं आणि सकाळीच शिवून झालेल्या पांढऱ्या शर्टाचं बटण उसवायला घेतलं.

“सापडलीस!” मास्तर ताडकन उठले. “आता गिऱ्हाइकांची पण?”

सुनेचा चेहरा पडला. मास्तरांनी शर्ट हिसकावून अगदी नाकाशी नेला. पांढऱ्या बटणांच्या रांगेत निळं बटण लोंबत होतं. त्याच्या मुळाशी दोऱ्याचे तीन वेढे, गाठ आतून. असं बटण मास्तरांशिवाय कुणी लावत नसे.

“कधीपासून?” त्यांनी हळूच विचारलं.

“वर्ष होईल. आईंचा विषय निघाला की तुमचा हात वाटीऐवजी डब्यात जातो, बाबा. आणि दिसत नाही तुम्हाला. शर्टाबरोबर बटणही गेलं असतं.”

“मग सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही सुई खाली ठेवली असती.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आधी लेकीला फोन लावला, न्यायला येऊ नको म्हणून सांगितलं. मग शेजारचं स्टूल ओढलं.

“बस इथं. ते तीन वेढे कसे घालायचे ते शिकवतो.”

“येतात मला,” सून म्हणाली. “तुमचं काढल्यावर तिथं दुसरं मीच लावते ना.”

मास्तरांनी इस्त्री झालेला एक शर्ट मांडीवर घेतला आणि बटणांवरून बोट फिरवलं. वरून खाली, परत खालून वर. आपलं कुठलं आणि तिचं कुठलं, त्यांना सांगता आलं नाही.