नाताळच्या सुट्टीतली पसंती

नाताळची सुट्टी माझी एकटीची होती. दिवाळीची सुट्टी घराची असते, तिच्यात फराळ, पाहुणे आणि भांडी. मे महिन्याची सुट्टी दुसऱ्यांच्या लग्नांची. पण नाताळात आमच्या लिंगायताच्या घरात काहीसुद्धा नसायचं. अप्पांची गुळाची अडत. डिसेंबरात सीझन ऐन भरात असायचा, त्यामुळे ते सकाळी बाहेर पडले की जेवायलाच उगवायचे. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिला ह्या सणाचा पत्ताच नव्हता. मी कॉन्व्हेंटात शिकवत होते म्हणून मला सुट्टी. बाकीचं सगळं गाव कामाला जुंपलेलं आणि मी उन्हात चटई टाकून आडवी, असं ते सुख होतं. वर्षभर मी त्याच्यावर डोळा ठेवून जगायची.

त्या वर्षी तर मला त्याची फारच गरज होती. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं ती. गॅदरिंगसाठी चौथीच्या वर्गाचं कोळीनृत्य बसवता बसवता माझा घसा बसला, म्हणजे पार बसला. डॉक्टर म्हणाले, सुट्टीभर तोंड उघडायचं नाही. मला आनंदच झाला. शेवटच्या दिवशी घरी आले, चप्पल काढली, आणि दारातच अव्वानं सांगितलं, "शनिवारी सोलापूरची माणसं येनार हाईत बघायला."

मी हातानंच विचारलं, कुणाला?

"तुला की! मग काय मला?" अव्वा म्हणाली. "पौष लागला की कोण फिरकत न्हाय. त्याच्या आत उरकून घेतो मी."

झालं! गेली सुट्टी खड्ड्यात.

गेली काही वर्षं आमच्या पुढच्या खोलीत माझी जी परीक्षा चालली होती, तिचा निकाल कायम एकच लागायचा. कुणाला उंची कमी वाटली, कुणाला चष्मा नको होता. कुणाला नोकरी सोडणारी हवी होती, कुणाला नोकरी करणारीच हवी होती पण जास्त पगाराची. खाऊनपिऊन "कळवतो" म्हणत निघून जायचे आणि कळवायचे नाहीत. मग अव्वा कितीतरी दिवस फोनकडे बघत बसायची. आणि अप्पा? मला कुणी काही विचारो, काही बोलो, अप्पा खाली मान घालून सुपारी कातरत बसायचे. बाजारात शंभर माणसांत आवाज चढवणारा माणूस, पण त्या खोलीत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मला त्या अडकित्त्याच्या आवाजाचासुद्धा राग यायला लागला होता.

घशातून निघेल तेवढ्या आवाजात मी त्या दोघांना सांगून टाकलं, "हे शेवटचं. ह्याच्यानंतर मी ट्रे घेऊन बाहेर येणार नाही."

अव्वानं घर डोक्यावर घेतलं. अप्पा म्हणाले, "बरं. हे शेवटचं. पर तोंड वाकडं न करता बसायचं."

अप्पांचा शब्द म्हणजे बाजारातला शब्द, तो फिरत नाही. म्हणजे शनिवार एकदा पार पडला की मी सुटणार होते. पण खोटं कशाला बोलू, नुसतं सुटायचं नव्हतं मला. लग्नाचं राहू दे एक वेळ, पण सुटायच्या आधी त्या खोलीत बसून एकदा तरी कुणीतरी "पसंत आहे" म्हणावं, असं मला फार वाटत होतं. ते वाटतंय ह्याचाच जास्त संताप येत होता.

शनिवार उजाडला. स्थळ आणलं होतं अव्वाच्या मामांनी, आणि माणसांना घेऊन तेच येणार होते. पण ऐन वेळी त्यांच्या गुडघ्यानं दगा दिला. मग अप्पा अडत सोडून स्वतः स्टँडवर गेले. ती माणसं त्यांनी कधी बघितलेली नव्हती. सोलापूरच्या सकाळच्या गाडीनं चौघं येणार, एवढीच माहिती.

तिथं काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. नाताळात कोल्हापूर अंबाबाईला आलेल्या माणसांनी भरून वाहतं. लॉजला जागा नसते. देवळाच्या आसपासची घरं खोल्या देतात आणि त्यांची माणसं स्टँडवर उभी राहून गिऱ्हाईक घेऊन जातात. अप्पांना हे काय माहीत नव्हतं? पण धोतर-टोपीत हसतमुखानं उभे राहिलेले आपणही तसेच दिसतोय, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. गाडीतून चौघं उतरले. नवरा, बायको, तरणा मुलगा आणि एक म्हातारी. नवऱ्याच्या कपाळाला विभूती, म्हणजे आमच्यातलेच. अप्पा पुढं झाले. "सोलापूर न्हवं? चला, न्यायलाच आलोय. घरची सगळी सोय हाय." मुलगी बघण्याची गोष्ट स्टँडवर मोठ्यानं बोलायची नसते, म्हणून अप्पा तेवढंच बोलले. त्या माणसानं एवढंच विचारलं, "अंघोळीला गरम पाणी मिळेल न्हवं?"

"बंब पेटलेला हाय की!" अप्पा म्हणाले, आणि सगळ्यांना रिक्षात घातलं.

आता कुणी म्हणेल, घरी आल्यावर तरी नाव-गाव विचारायचं होतं. पण आमच्याकडं तशी रीत नाही. दारात आलेल्याला आधी पाणी, मग खाणं, आणि कोण कुठले ते मागून. रिकाम्या पोटी माणसाला त्याची ओळख विचारणं म्हणजे त्याचा अपमान, असं अप्पांच्या आजोबांपासून चालत आलेलं. ह्या रीतीपायी आमच्या घरी कोण कोण जेवून गेलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि त्यांची ताटं मात्र मी घासली आहेत.

मी आत इरकली साडी नेसून बसले होते आणि पुढच्या खोलीतलं ऐकत होते. पाहुण्यांनी एकामागून एक अंघोळी केल्या. मुलानं टॉवेल मागितला. बाईनं माडीवरची खोली बघू का विचारलं, गाद्या किती आहेत तेही विचारलं. अव्वा हरखून आत आली. "कसं घरच्यावानी वागत्यात बघ! जराबी मिजास न्हाय." घर बघून जाणारे पाहुणे आम्हाला नवीन नव्हते, पण अंघोळ करणारे पहिलेच.

मग मी उप्पिटाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. डिशा दिल्या, पाटावर बसले, नजर खाली. आता उंची, चष्मा, पगार. पण कुणीच काही विचारेना. माणसं मनापासून खात होती. मुलानं तर पुन्हा मागून घेतलं. शेवटी अव्वाच म्हणाली, "विचारा की काय विचारायचं ते."

बाई जरा गोंधळली. मग म्हणाली, "काय करतीस ग बाळ?"

"शाळेत शिकवते," मी म्हणाले, आणि घशातून जे काय निघालं ते ऐकून म्हातारीनं मान वर केली. अव्वा घाईघाईनं म्हणाली, "सर्दी झालीया जरा."

"सर्दी कुठली ओ!" बाई म्हणाली. "माझी बहीण मास्तरीण आहे. गॅदरिंग झालं की असाच घसा घेऊन येती माझ्याकडं." ती उठली, आपल्या पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी काढली आणि माझ्या हातात दिली. "ही गालात धर. अन् बोलू नको तू. आम्ही बोलतो, तू नुसती मान हलव." मग अव्वाकडं वळून म्हणाली, "किती दमलीया पोरगी. सुट्टी आहे न्हवं? झोपू द्या की हिला."

मला रडूच यायला लागलं. त्या खोलीत मी चालून दाखवलं होतं, चष्मा काढून दाखवला होता, पण दमलीस का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. मी पहिल्यांदा नजर वर करून मुलाकडं बघितलं. हडकुळा होता, हसरा होता. आणि मी मनात म्हणाले, ह्या घरात जायला माझी काही ना नाही.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

खरे पाहुणे आले होते. त्यांची पहिली गाडी चुकली, दुसरीनं आले, स्टँडवर वाट बघून बघून कंटाळले आणि मामांनी दिलेल्या पत्त्यावर विचारत विचारत पोचले. दारातूनच त्यांच्यातला वडीलधारा माणूस कडाडला, "न्यायला येतो म्हणून सांगायचं आणि यायचं नाही, ही कुठली पद्धत?" त्यानं आपलं नाव सांगितलं. अप्पांच्या हातातला अडकित्ता खाली पडला.

मग पहिल्या माणसाला उलगडा झाला. तो हात जोडून उभा राहिला. "अहो, आम्ही अंबाबाईला आलोय. तुम्ही खोली देताय म्हणून आलो. चुकलंच की आमचं."

मला लाज वाटली नाही. माझ्या हातातलं कुणीतरी हिसकावून घेतलं असं वाटलं. ती माणसं आमच्यासाठी आलीच नव्हती! आणि ह्या मूर्खपणाबद्दल कुणावर ओरडावं, तर ओरडायला घसाही नव्हता.

अव्वानं मला दंडाला धरून आत नेलं. "परत ट्रे भर."

"परत?"

"मग! ही खरी माणसं न्हवं?"

आणि मी परत ट्रे घेऊन गेले. तोच ट्रे, तेच उप्पीट, आता गार झालेलं. पहिली माणसं कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. निघून जावं तर सामान माडीवर, आणि अप्पा त्यांना जेवल्याशिवाय उठू देत नव्हते. त्यांच्यासमोर माझी परीक्षा सुरू झाली. चालून दाखव. चष्मा कधीपासून? वय एवढंच का, जरा जास्त वाटतंय. मी ज्येष्ठमध गालात धरून उत्तर दिलं आणि नवऱ्या मुलाची आई मागं सरकली.

"आवाज असाच आहे?"

"घसा बसलाय ओ," अव्वा म्हणाली. "शाळेत..."

"हे आधी सांगायला नको? एवढ्या लांबनं बोलवून घेतलं. आणि आमच्या आधी दुसरी माणसं बसवलेली, ते आणखी वेगळंच." ती नवऱ्याकडं बघून हसली. "असल्या आवाजाची मुलगी कोण पसंत करणार?"

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा खाली मान घालून बसले होते. हातात अडकित्ता नव्हता, तरी मान खालीच. बोला की, अप्पा! आता तरी बोला!

"आम्ही केलीया की पसंत."

कोपऱ्यातनं ती बाई उठली होती. "आम्ही तुमच्या आधी आलो, मुलगी बघितली, आणि आम्हाला पसंत आहे. आवाज बरा हुतो ओ, चार दिवसांत. माणसाचं तोंड वाईट असलं की ते बरं हुत न्हाय."

 ती दुसरी माणसं ताडकन उठली, पाण्यालासुद्धा न शिवता रिक्षा शोधायला निघून गेली.  मग अव्वानं पदर डोळ्याला लावला, पण तिचा आवाज चांगलाच चढला. "स्थळ घालवलंसा ओ तुम्ही माझ्या पोरीचं!"

"माफ करा, अक्का," बाई म्हणाली. "ऐकवलं न्हाय मला."

अव्वानं डोळे पुसले. मुलाकडं बघितलं, मग बाईकडं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. "मग... खरंच तुम्हाला..."

बाईनं पिशवी उघडली आणि आतला हळदी-कुंकू लावलेला लिफाफा दाखवला. मुलाचं लग्न माघात होतं. पहिली पत्रिका अंबाबाईपुढं ठेवायची म्हणून ती सगळी आली होती. मुलगा लाजून खाली बघायला लागला. आणि मला त्या बाईचा, जिनं माझ्यासाठी एवढं केलं तिचाच, असा राग आला म्हणून सांगू! इतकं खरं वाटेल असं कशाला बोलायचं?

जेवण करून ती माणसं देवळात गेली. सामान माडीवरच ठेवायला अप्पांनी भाग पाडलं. घरात आम्ही तिघं उरलो. अव्वा भांड्यांवर राग काढत होती. मी पुढच्या खोलीत जाऊन अप्पांसमोर उभी राहिले आणि एक बोट वर केलं. शेवटचं म्हणून ठरलं होतं.

"ध्यानात हाय," अप्पा म्हणाले. "शेवटचं म्हणलं हुतं. पसंती आली. संपलं."

"कसली पसंती?" आतून अव्वा ओरडली. "त्यांच्या पोराचं लगीन ठरलंय!"

"चारचौघात म्हणाल्या का न्हाय? मग आली पसंती. आता हिला बाहेर बोलवायचं न्हाय." अव्वा काहीतरी पुटपुटली, पण अप्पांचा शब्द पडला होता. अप्पा जमिनीवर पडलेला अडकित्ता उचलायला वाकले, आणि तसेच, माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या बाईनं म्हणलं ते मी म्हणायला पायजे हुतं. लई आधी."

इतकी वर्षं का नाही म्हणालात, असं मला ओरडायचं होतं. सगळं घर हलेल एवढ्यानं ओरडायचं होतं. घशातून काहीच निघालं नाही. मी नुसती मान हलवली.