खालाची भिंत

निजामाच्या मुलखातल्या वाशीच्या पेठेत बांगड्या विकणारी आमची शेजारीण खाला कुणाला म्हणजे कुणाला भ्यायची नाही, आणि तिच्या भिंतीला कुणी बोट लावलेलं तिला खपायचं नाही. बाजाराकडच्या त्या लांबलचक भिंतीला दर ईदेआधी ती स्वतः पदर खोचून चुना द्यायची. पोराटोरानं कोळशाची रेघ ओढली, तर कान धरून त्यालाच पुसायला लावायची.

मग निवडणूक आली. गावातले एक पुढारी उभे राहिले आणि सकाळी सकाळी खालाच्या भिंतीवर गेरूनं हातभर अक्षरं उमटली : यांनाच मत द्या! विचारणं नाही, सांगणं नाही. आजही आठवलं की माझं डोकं तडकतं.

खाला बाहेर आली. "कुणाला इचारून लिवलं?"

तिथंच उभे असलेले पुढारी हसले. "खाला, देशाचं काम आहे. भिंतीचं काय एवढं?"

"मग तुमच्या माडीवर लिवा की! निजामाच्या राज्यात इचारलं न्हाय, आन् सवराज्यातबी न्हाय? मग बदललं काय, माती?"

तडक आमच्या घरी आली. "बेटी, मळ्यातला पंप काढ." पायानं दाबायचा फवारणीचा पंप तो. औषधाचा वास जाईपर्यंत तिनं तो खळखळून धुतला, एक नळी बादलीत सोडली, दुसरी स्वतः धरली आणि मला हुकूम सोडला, "पाय मार! जोरात! जेवली न्हाइस का?" मी नवी सून, पदर सांभाळत पाय मारत होते. अशी सणसणीत धार सुटली, की ओला गेरू लाल ओघळ होऊन गटारात गेला. थोडा पुढाऱ्यांच्या धोतरावरही गेला. "पानी हाय बाबा, त्येला काय मान्सं कळत्यात?" खाला म्हणाली.

सासूबाई माझ्यावर भडकल्या. दुसरीच्या भिंतीपायी पुढाऱ्याशी वैर कशाला? खालाचा भाऊही समजवायला आला. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर आपल्या माणसांनी मान खाली घालून राहावं, असं त्याचं म्हणणं. त्या भल्या माणसाला असं म्हणावं लागलं, याचाच मला जास्त संताप येतो. खाला म्हणाली, "घालून बगितली. दुखती."

ते लिहायचे, आम्ही धुवायचो. चुना जाऊन आतली माती दिसायला लागली, पण खालानं एक अक्षर टिकू दिलं नाही. पुढारी निवडून आले ते आलेच. खालानं भिंतीला पुन्हा चुना दिला.

पुढं काही वर्षांनी खाला तापानं गेली. दफनाच्या दुसऱ्याच दिवशी पाहते, तर भिंतीवर गेरू : आमची लाडकी खाला अमर रहे. आणि खाली दुप्पट मोठ्या अक्षरांत पुढाऱ्यांचं नाव! अंगाचा नुसता भडका उडाला. लाज म्हणून काही असते की नाही माणसाला?

मी पंप ओढत आणला. नळी धरली, पण पाय कोण मारणार? तेवढ्यात सासूबाई लुगडं खोचून पुढं आल्या. "मी मारती. तू नळी धर नीट."

पुढाऱ्यांचं नाव धुऊन निघालं. धार वर सरकत 'खाला' या अक्षरांपाशी आली आणि माझा हात अडखळला.

सासूबाई पाय न थांबवता ओरडल्या, "थांबलीस कशाला? धू! तिला तरी कुणी इचारलं व्हतं का?"