पेज प्यालेली मोटर

गोंदियाजवळच्या मुर्री गावच्या उदाराम मिस्त्रीला मोटर दिसण्याआधी ऐकू यायची. धानाच्या बांधीत रोपांचा रोवणा चालू असला तरी तो चिखलात उभा राहून मान वर करायचा आणि म्हणायचा, "छोटेलालची गाडी हाय. अन् एक प्लग मेला तिचा!" लढाईत ब्रह्मदेशाकडे लष्करी लॉऱ्या हाकून आलेला गडी. परत आला तो बापाची धानाची शेती सोडून गोंदियात मोटरींच्या पोटात शिरून बसला. बाप कपाळ बडवायचा, "बैलं सोडून लोखंडाची ढोरं राखून राहिला लेकाचा!"

काय दिवस होते ते! आता पुर्जा बिघडला की फेका आणि नवा बसवा. तेव्हा पुर्जा नागपूरहून यायचा, आणि तोही त्याच्या मनात आलं तर. मिस्त्री आधी मोटरीची नाडी बघायचा, मगच पाना हातात घ्यायचा.

पण या वेडापायी घरात मात्र कुरकुर होती. लेक वच्छला देवरीला दिलेली. दिवाळी सरली की आपल्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचं नाटक रंगतं आणि लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला बापानं नाहीतर भावानं जायचं, ही रीत. वच्छलाला भाऊ नव्हता, आणि हा बाप दोन वर्षं गेलाच नाही. एकदा कामठ्याच्या एका व्यापाऱ्याची लॉरी आडवी आली, एकदा धानगिरणीचं इंजिन. शेवटी विहीण जमुनाबाईंचा व्याह्याला निरोप आला, "मंडईच्या आदल्या दिवशी दुपार टळायच्या आत इवाई आले तर पोरगी धाडते. नाहीतर तिले माहेर नाही असं समजू."

बायको रुख्मानं तो निरोप ऐकला आणि नवऱ्यापुढे उभी राहिली. "वाटेत मोटरीले हात लावाल तर माह्या गळ्याची शपथ हाय तुमाले."

उदारामनं हत्यारांची पेटी घरीच ठेवली. मंडईच्या आदल्या दिवशी तो देवरीच्या सकाळच्या गाडीत पार मागच्या बाकावर जाऊन बसला, इंजिनाचा आवाज कानी पडू नये म्हणून. पण कान का झाकता येतात? गाडी सुटताच त्याला कळलं, हिला काहीतरी झालंय. मागून पांढरी वाफ निघत होती. शपथ आठवून तो बाहेर बघत राहिला. जंगलातला चढ लागला आणि मोटर दोन आचके देऊन थांबली. पुढच्या झाकणातून फेस उसळला, चुलीवरचा भात उतू जावा तसा. वासही भाताचाच.

"काऊन रे छोटेलाल, हिले जेवू घातलं काय?" उदाराम ओरडलाच.

ड्रायव्हर छोटेलाल खाली मान घालून म्हणाला, "पानी रोज कम होता था मिस्त्री. खाली थेंब दिसत नव्हता. घरवाली बोली, पेज डालो, भेग बुजते. आठ दिवस पेज पाजली."

बाया फिदीफिदी हसल्या. धानाच्या मुलखातला माणूस, पेजेशिवाय दुसरं औषध काय सुचणार त्याला! उदाराम मात्र हसला नाही. त्यानं सूर्याकडे पाहिलं. पायी देवरी गाठेपर्यंत दिवस मावळला असता. दुसरी गाडी नव्हती. लेकीकडे जायची वाट आता या मोटरीच्या पोटातूनच होती. "रुख्मा, माफ कर मले," असं पुटपुटत त्यानं बाह्या सारल्या आणि छोटेलालकडचे पाने मागून घेतले.

इंजिन निवू दिलं. नाल्याचं पाणी आणवून सगळी पेज धुऊन काढली. पुन्हा पाणी भरून छोटेलालला हँडल मारायला लावलं. इंजिन फुरफुरलं तसे पाण्यात बुडबुडे आले. प्लग काढले तर शेजारशेजारचे दोन ओले. "पानी बाहेर नाही, आत पिऊन राहिली हे. हेडखालचं गॅस्केट जळलं, या दोघांच्या मधात." तेल पाहिलं, त्यात पाणी उतरलं नव्हतं. देव पावला म्हणायचा.

इंजिनावरचं जड हेड उचललं तेव्हा त्याखालचं पातळ गॅस्केट बोटभर जळून गेलेलं. नवं कुठून आणणार? गाडीतल्या अनुसयाबाई नावाच्या म्हातारीनं कनवटीचा जुना तांब्याचा ढबू पैसा काढून दिला. उदारामनं तो दगडावर ठोकून पानासारखा पातळ केला आणि जळक्या जागी बसवला. एकाच्या गाठोड्यात जंगलातली लाख होती. ती वितळवून दोन्ही अंगांना माखली. मग हेड ठेवलं. छोटेलाल घाईनं कडेचा नट आवळायला लागला तसा उदारामनं त्याचा हात धरला.

"मधातून सुरू कर बापा. थोडा थोडा, सगळ्याइले सारखा. एकाले आवळशील तर दुसरा तोंड वासेल."

सूर्य डोक्यावरून ढळला. मोटर सुरू झाली, वाफ नाही, बुडबुडे नाहीत. सगळ्यांनी जयजयकार केला. पण दोन मैलांवर उदारामनं पुन्हा गाडी थांबवली. गरम झाल्यावर नट ढिले पडतात, ते पुन्हा आवळल्याशिवाय गाडी पोचायची नाही, हे त्याला ठाऊक होतं. एकेक नट आवळताना तो वर सूर्याकडे बघत होता. इंजिन निवून नट आवळेपर्यंत दुपार टळून गेली.

देवरीला तो अक्षरशः पळत गेला. जमुनाबाई दारातच उभ्या होत्या. "उशीर केला, इवाई."

वच्छला बाहेर आली. तिनं बापाचे कोपरापर्यंत काळे हात पाहिले आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "यंदाबी मोटरच, बाबा?"

उदारामनं हात पाठीमागे लपवले. "होय बाई. पन यंदाची मोटर तुह्याकडेच येऊन राहिली होती."

जमुनाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मळलेलं धोतर, धापा, डोळ्यांतलं पाणी. मग म्हणाल्या, "जा वं पोरी, हात धुवाले दे बापाले. जेवू दे, मग जा त्याच्यासंगं. शब्द माहाच होता, मीच मोडते."

वच्छलानं राख आणि काथ्या आणला. दोघं अंगणात बसली आणि ती घासायला लागली. हात पुढे करत उदाराम म्हणाला, "जोरानं घास बाई. मोटरीले हात लावायचा नाही, हे तुह्या मायची शपथ मोडली म्या."

तिचा हात थांबला. काळी बोटं तशीच धरून ती रडत रडत हसली.

"राहू द्या, बाबा. मायलेबी दिसू द्या, कोनासाठी काळे झाले हे."