पुसलेलं गंध

प्रयोगशाळांतल्या उंदरांची माझ्या थोरल्या काकांइतकी काळजी करणारा माणूस साऱ्या कारंज्यात दुसरा नव्हता. काका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मुंबईला संशोधनात गेलेला त्यांचा एक जुना विद्यार्थी वाचून झालेले परदेशी विज्ञान-मासिकांचे अंक त्यांना टपालानं पाठवायचा. अंक आला की काका बाजारात कापसाच्या गाडीला टेकून तो वाचत आणि गाडीवानाला विचारत, "बाप्पा, या उंदराच्या पायातली गाठ फुफ्फुसात पोचली कशी, सांग बरं?" गाडीवान म्हणे, "मास्तर, मांजर पाळा."

खरं म्हणजे त्याच्या वर्षभर आधी काकूच्या छातीतली गाठ नागपूरला काढली होती. ती दुसरीकडे कुठे उगवेल का, एवढा एकच प्रश्न काकांना होता. सारे उंदीर त्याच प्रश्नातून निघालेले.

"हे पाह्य," ते मला समजावत, "पेशीच्या अंगावर ओळखीची खूण असते, कपाळावरच्या गंधासारखी. रक्तातले पहारेकरी गंध पाहूनच ठरवतात, हे आपली का बिघडलेली. कॅन्सरची एखादी पेशी गंधच पुसून टाकते. मंग पहारेकऱ्यानं वाचावं काय? ते साऱ्या अंगात मजेत फिरून राह्यली!"

मी त्या दिवसांत हुंड्याविरुद्ध पत्रकं वाटत होतो आणि हुंड्याच्या लग्नात पाणीसुद्धा पीत नव्हतो. जऊळका गावच्या अशाच एका लग्नात वराकडच्यांना केशरी गंध लावत होते, वधूकडच्यांना लाल, आणि पंगतीही वेगळ्या. काका-काकू वधूकडचे पाहुणे. काका लाल गंधानिशी वराकडच्या पंगतीत जाऊन बसले. वाढप्यानं लगेच उठवलं. मग धोतराच्या सोग्यानं गंध पुसून ते पुन्हा तिथंच बसले. कोणी हटकलं नाही, उलट बुंदीचा आग्रह झाला. बाहेर येऊन ढेकर देत म्हणाले, "पाह्यलं? सिद्ध झालं!"

काकूनं कपाळावर हात मारला. "अहो, माह्या गाठीपायी तुमी लोकायच्या पंगती लुटून राह्यले काय?"

काका हसले नाहीत. त्यांनी विद्यार्थ्याला पत्र टाकलं: काकूच्या गाठीवर खूण होती की पुसलेली, हे तपासता येईल का? उत्तर आलं: हे सारं अजून उंदरांवरच चाललंय, माणसांबद्दल ठामपणे काही सांगता येत नाही. काकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. काकू म्हणाली, "बरं मंग. उंदरायले म्हना, घाई करा जरा."

उंदरांनी घाई केली नाही. पुढल्या वर्षी काकूच्या फुफ्फुसाच्या फोटोत डाग दिसले, आणि उन्हाळा संपायच्या आत ती गेली.

तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येक लग्नात काका गंधाची वाटी घेऊन मांडवाच्या दारात उभे असतात. घामानं कोणाचं गंध उतरलं, तर भरल्या पंगतीत शिरून पुन्हा लावतात. लोक हसतात. असल्या मानपानाविरुद्ध मीही एक जहाल पत्रक लिहिलं होतं. गेल्या उन्हाळ्यात तेच मी एका मांडवाबाहेर वाटत होतो, तेव्हा काका वाटी घेऊन माझ्याकडे चालत आले. बोट गंधात बुडवलेलं.

"लावू दे, बावा," ते म्हणाले. "तू तरी बिनखुणेचा फिरू नको."

मी पत्रकं काखेत मारली आणि कपाळ पुढे केलं.