मागाच्या खड्ड्यातली बाळंतीण

मला एका कुत्रीचा हेवा वाटला होता. हसायचं तर हसा.

शहापुरात आमच्या घरी दोन हातमाग होते. जमिनीत खड्डा खणलेला, त्यात पाय सोडून विणणारा काठावर बसायचा. थंडीत घरातली सगळ्यात उबदार जागा तीच. आमची कुत्री मार्गशीर्ष लागला की चुलीच्या राखेत लोळायची, राख निवली की सासऱ्यांच्या पायाशी खड्ड्यात शिरायची आणि नाक शेपटीत खुपसून झोपायची. लढाईचे दिवस होते. त्या साली पौषाच्या कडाक्यात ती खड्ड्यातच व्याली. चार पिल्लं झाली.

झालं! घरात जशी काही पहिलटकरीणच आली. सासूबाईंनी सांगून टाकलं, "कुणी हलवायचं न्हाय तिला. बारकी पिल्लं हाईत, गारठून मरतील." सासऱ्यांचा माग बंद. खड्ड्यात गोणपाट, वर माझीच जुनी वाकळ, काठावर निखाऱ्यांची शेगडी. सासरे येता-जाता वाकून विचारणार, "थंडी वाजती व्हय गं?"

मी कोपऱ्यात चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत सगळं बघत होते. अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

कारण आदल्या थंडीत मीही त्याच घरात बाळंत झाले होते. माहेरी जायच्या आधीच, आठव्या महिन्यात. मूल मेलेलंच जन्मलं. मग कसला शेक आणि कसली शेगडी! बाराव्या दिवशी मी परत चरख्यावर बसले. माग एक दिवस थांबला नव्हता. वाईट कुणी बोललं नाही, खोटं कशाला सांगू. पण कुणी काही बोललंच नाही. नशीब असावं तर कुत्रीचं, असं मी मनात म्हणायची आणि दात खायची.

व्यालेल्या कुत्रीला शिरा घालायची आमच्याकडे रीत. शेजारणींनी रवा, गूळ, तेल आणून दिलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी शिरा परतून वाडगं माझ्या हातात दिलं. "जा, घालून ये. गरम हाय, फुंकून घाल."

फुंकून घाल! मला कधी कुणी फुंकून घातलं होतं? मी मागाकडे गेलेच नाही. परसात गेले आणि उभ्याउभ्या तो शिरा खाल्ला. जीभ भाजली तरी थांबले नाही.

मागं वळले तर दारात सासूबाई.

"मुक्या जनावराच्या तोंडचं खाल्लंस? लाज न्हाय वाटत?"

"न्हाय वाटत. मी बी बाळंतीणच होते की, आत्याबाई. माझ्या येळेला कुठं गेला होता तुमचा शिरा?"

आता थोबाडीत बसणार म्हणून मी दात आवळून उभी राहिले. त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "पोर जगलं न्हाय तर काय करायचं नसतंय, एवढंच ठावं मला. माझी दोन गेली. मला बी कुणी केलं न्हाय."

दोन! चार वर्षं एका चुलीवर भाकरी भाजल्या आम्ही, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्यांनी हात पुढे केला. मी वाडगं दिलं. बुडाला चिकटलेला शिरा त्यांनी बोटानं खरवडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चघळत राहिल्या.

"गूळ कमी पडलाय," त्या म्हणाल्या. "चल, दुसरा टाक. तिघींना पुरंल एवढा कर."